ताईंनी धरून ठेवलेला फोन

लीलाताई सोनवणे यांचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. पुढे मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून कुणी त्यांना बोल लावायला नको, म्हणून हे आधीच. मला दहावीला बसवलं ते ताईंनी. बारावीचा फॉर्म भरला तो ताईंनी. विद्यापीठाच्या वर्गात चपला बाहेर काढून जायचं की घालून, हेही मला कळत नव्हतं, तेव्हा दंडाला धरून मला पहिल्या बाकावर नेऊन बसवलं तेही ताईंनीच. आज मी जपानातल्या एका लहान गावात, म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात नोकरी करते. आपल्याकडच्या आणि नेपाळकडच्या मुली इथे सेवेच्या कामाला येतात. त्यांना इथली भाषा, इथली रीत, इथल्या म्हाताऱ्यांचं मन सांभाळणं शिकवायचं काम माझ्याकडे आहे. आठवीतून शाळा सुटलेल्या बाईला हे काम मिळालं, यावर सकाळी उठल्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पन्नाशीला आले तरी वाटतं, एक दिवस दारात कुणीतरी उभं राहील आणि म्हणेल, बाई, तुमचा शाळेचा दाखला बघू जरा.

मी उल्हासनगरजवळच्या मोहन्याला आले ते मावशीकडे. परभणीकडच्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला रोज चार कोस चालत जायचं होतं, ते वर्षभर गेले, मग बाप वारला आणि चालणं थांबलं. मायनं मला मावशीबरोबर लावून दिलं. म्हणाली, "इथं राहून कापूस येचशील, तिथं काहीतरी शिकशील तरी." मावशीचं घर म्हणजे चाळीतली एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. काका कंपनीत कामाला. कंपनीच्या भोंग्यावर सगळी चाळ उठायची, आंघोळी करायची, चहा टाकायची. पहिले कितीतरी दिवस भोंगा झाला की मी अंथरुणात उठून बसायचे. गावाकडे असा आवाज कशालाच नाही. मावशी मात्र त्या आवाजावर भाकरी थापायची. भोंगा संपेस्तोवर एक भाकरी तव्यावर पडलीच पाहिजे, असा तिचा हिशेब.

पुढच्या महिन्यात मला उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात लावलं. शिवून आलेल्या पँटचे सुटलेले धागे कात्रीनं कापायचे. दिवसभर मांडीवर जाड, ओलसर निळं कापड. त्याचा रंग बोटांना लागायचा, नखांच्या कडेत बसायचा, आणि साबण, लिंबू, राख, कशानंही जायचा नाही. दहा वर्षं माझी नखं निळी होती.

ताई भेटल्या त्या विठ्ठलवाडीच्या विहारात. दर रविवारी तिथे त्या शाळा सुटलेल्या पोरींना सतरा नंबरच्या फॉर्मवर, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसवण्यासाठी शिकवायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. उंच, काळ्यासावळ्या, सुती साडी कडक इस्त्रीची, आणि आवाज असा की मागच्या ओळीतल्या पोरीलाही वाटावं, आपल्याच कानात बोलतायत. लग्न केलं नव्हतं. का ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही सहाजणी होतो, दिवाळीपर्यंत दोघी उरलो आणि फॉर्म भरताना मी एकटी. ताई म्हणाल्या, "बरं झालं. आता बाकी पोरींसाठी थांबायला नको."

मग त्यांनी मला घरीच बोलवायला सुरुवात केली. कारखाना सुटला की मी चालत विठ्ठलवाडीला यायचे. ताईंची तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दाराबाहेरच बोंबील किंवा सुकट भाजल्याचा वास यायचा आणि माझी भूक पायरीवरच जागी व्हायची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची छोटी मूर्ती, आणि त्या दोघांच्या मध्ये एक कॅलेंडर, कधीच संपून गेलेल्या वर्षाचं, ज्याच्यावर काड्या जुळवून केल्यासारखी अक्षरं होती. एक दिवस मी विचारलं, हे काय लिहिलंय.

"जपानी आहे," ताई म्हणाल्या. "ऑगस्टचं पान आहे. त्यात लिहिलंय की या महिन्यात चिंचेएवढाले किडे रडतात."

"किडे रडतात?"

"त्यांच्याकडे रडतात. आपल्याकडे किरकिर करतात."

ही गोष्ट मग त्यांनी हळूहळू सांगितली, पापड भाजता भाजता. ताई नुकत्या नोकरीला लागल्या होत्या तेव्हा एक जपानी भन्ते विहारात आले होते. दुभाषा यायचा होता, तो आलाच नाही. भन्ते तरीही उभे राहिले आणि जवळजवळ दोन तास बोलले. मधेच त्यांचे डोळे भरून आले, मधेच ते हसले. वस्तीतले सगळे, बायाबापड्या, लहान लेकरं, चिडीचूप बसून ऐकत होते. कुणाला एक अक्षर कळलं नाही. शेवटी सगळ्यांनी साधु, साधु, साधु म्हटलं आणि खीर वाटली. "घरी आले आणि मला जेवण जाईना," ताई म्हणायच्या. "मी दिवसभर लोकांच्या लाइनी जोडून देते. आणि इथे दोन तास एक माणूस आपल्याशी बोलत होता, आणि एकही लाइन जोडता आली नाही." त्यानंतर त्यांनी विद्यापीठाचा संध्याकाळचा वर्ग धरला आणि चार वर्षं जपानी शिकल्या. बढतीसाठी नाही, परदेशी जायला नाही. ते भन्ते पुन्हा आलेच तर कुणीतरी असावं, म्हणून. ते काही आले नाहीत.

मला जपानी शिकायचं आहे हे मी कधी ठरवलं ते आठवत नाही. दहावी झाली, दोन वर्षांनी बारावी झाली आणि ताईंनी परस्पर ठाण्याला जाऊन विद्यापीठाच्या परकीय भाषांच्या वर्गाचा फॉर्म आणला. शनिवार-रविवार वर्ग, पहिल्या वर्षाला प्रमाणपत्र, मग पदविका, मग वरची पदविका. वर्गात सगळी कॉलेजातली पोरं, कुणी कंपनीत इंजिनियर. मास्तर सगळ्यांना विचारायचे, ही भाषा का घेतली. माझी पाळी आली की मी वहीत डोकं घालायचे. एकदा मी खरं सांगून टाकलं, आमच्या ताईंनी फॉर्म भरला म्हणून. वर्ग हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. "कारण चांगलं आहे," म्हणाले, "बसा."

घरी ताईंनी नेम घातला. जेवताना मराठी बोलायचं नाही. त्यामुळे पहिलं वर्षभर आम्ही गप्प जेवलो. मला फक्त ओइशी, म्हणजे चविष्ट, हा एक शब्द पक्का येत होता, तो मी घासागणिक म्हणायचे. ताईंच्या स्वयंपाकात मीठ कमी असायचं, पण आमटी अळणी आहे हे जपानीत कसं सांगायचं ते येईना, आणि विचारायचं तर मराठीत विचारावं लागणार. तशीच अळणी आमटी मी वर्षभर खाल्ली. पुढच्या वर्षी वर्गात ते वाक्य शिकवलं, त्याच संध्याकाळी मी ताटावर बसून ते म्हटलं. ताईंनी हातातला घास खाली ठेवला. "इतके दिवस?" असं मराठीतच म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. त्यांच्याकडे कुणीतरी दिलेली हिरव्या चहाची एक पुडी होती, ती त्या बुद्धपौर्णिमेला काढायच्या. एका वर्षी मावशीला बोलावलं. मावशीनं एक घोट घेतला, वाटीत बघितलं आणि म्हणाली, "लीलाबाई, हा शेरडाला घालायचा पाला वाटतो. साखर टाकली तरी बकरीच पेईल." ताईंनी मुकाट उठून तिला दुधाचा चहा करून दिला.

ताईंची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्यांना त्यांच्या कामाचा अभिमान होता. पूर्वी परगावी बोलायला ट्रंक कॉल असायचे, ते ऑपरेटरनं जोडून द्यायचे. साधा, अर्जंट आणि सगळ्यात वरचा लाइटनिंग. कुणी गेल्याचा निरोप असला की तो कॉल सगळे थांबवून आधी जोडायचा, अशी रीत. ताई म्हणायच्या, रडणारं माणूस आवाजावरून ओळखू येतं, ते 'हॅलो' म्हणायच्या आधी श्वास घेतं. अशा वेळी नाव-गाव विचारत बसायचं नाही, मिळेल त्या लाइनीवर त्याला घुसवायचं. आणि प्रत्येक कॉलची वेळ चिठ्ठीवर मिनिटासकट लिहायची. "तीस वर्षांत मी कुणाचा कॉल अडवला नाही," हे त्या इतर कुणी पदकाबद्दल बोलावं तसं बोलायच्या. नोकरी संपल्यावर त्यांनी मोबाइल घेतला, पुढे आणखी एक घेतला आणि आधीचा मला दिला. का, तर माझ्या मायला गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून माझ्याशी बोलता यावं. माय बोलायची काय, तर ओरडायची. तिला वाटायचं, मी इतक्या लांब आहे म्हटल्यावर आवाज पोहोचायला पाहिजे.

माय गावाकडून कुणी येणार असलं की ज्वारीचं पीठ पाठवायची आणि त्या पिठात अंडी पुरलेली असायची. तिच्या स्वतःच्या कोंबड्यांची. एसटीच्या टपावर, दोन ठिकाणी गाडी बदलून, अंडं फुटायचं नाही. मावशी परातीत पीठ ओतायची आणि आम्ही दोघी हातानं अंडी शोधायचो. ती अंडी मी ताईंना नेऊन द्यायचे. दुसरं काय देणार होते.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. ही परीक्षा घ्यायला जपानहून एक बाई येणार होत्या, आणि त्या वर्गातल्या दोघांना वर्षभरासाठी त्यांच्याकडच्या विद्यापीठात शिकायला नेणार होत्या. राहणं, खाणं, सगळं त्यांचं. ही एकच संधी होती. पुढच्या वर्षी त्या येतीलच असं नव्हतं, आणि मावशीकडे माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. एका विषयावर दहा मिनिटं आपणहून बोलायचं होतं. मी म्हटलं, मी बुद्ध धम्मावर बोलते. ताई म्हणाल्या, "नको. ते पाठांतर वाटेल. तू तुझ्या मायवर बोल. आपल्या माणसाबद्दल बोलताना माणूस अडखळत नाही." दोन महिने त्या माझ्याकडून मायची गोष्ट म्हणून घेत होत्या. ताईंनी माझ्या मायला कधी बघितलं नव्हतं. पण शेवटी शेवटी मी एखादी गोष्ट विसरले की त्याच मला आठवण करून द्यायच्या, "अगं, त्या कोंबडीला ती सरपंचीण म्हणते ना, ते राहिलं."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मायला ताप होता. विलासचा, म्हणजे माझ्या भावाचा, फोन आला होता. मी म्हटलं, येऊ का. त्यानं फोन मायला दिला. ती ओरडून म्हणाली, "परीक्षा दे आन मग ये. म्या काय पळून चालले का?"

परीक्षेच्या दिवशी ताई माझ्याबरोबर ठाण्याला आल्या. मला डबा, पाण्याची बाटली, स्वच्छ रुमाल, आणि नखं घासायला लिंबाची फोड, सगळं घेऊन. आत मोबाइल नेता येत नव्हता. ज्यांची पाळी यायची होती त्यांना एका खोलीत बसवून ठेवत, झालेले दुसऱ्या दारानं बाहेर पडत, म्हणजे प्रश्न कुणाला कळू नयेत. मी मोबाइल ताईंच्या हातात दिला. ताई म्हणाल्या, बारापर्यंत मोकळी होशील. पण नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे पुकारत होते. मी वाघमारे. अगदी शेवटी.

त्या खोलीत मी पाच तास होते. दुपारी बाई जेवायला गेल्या तेव्हा शिपायानं माझा डबा आत आणून दिला. पोळी आणि अंड्याची पोळी. मायचीच अंडी, चार दिवसांपूर्वीच आलेली. मी पोटभर जेवले. मीठ बरोबर होतं.

माझी पाळी आली तेव्हा चार वाजत आले होते. जपानी बाई म्हाताऱ्या होत्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. त्यांनी आधी माझ्या नखांकडे बघितलं. मी हात ओढून मांडीवर घेतले. मग मी सुरू केलं. माझी माय सकाळी उठून आधी कोंबड्यांशी बोलते, माणसांशी नंतर. एका कोंबडीचं नाव सरपंचीण आहे, कारण ती काम करत नाही आणि सगळ्यांना टोचते. बाई हसल्या. आमचे मास्तर बाजूला बसले होते, तेही हसले. मग पिठातल्या अंड्यांचं सांगितलं. बाईंनी विचारलं, तू जपानला निघालीस तर तुझी आई विमानतळावर येईल का? मी म्हटलं, नाही, माझी माय विमानाला घाबरते, पण ती पीठ पाठवील, आणि तुमच्या देशाच्या तपासणीवाल्यांनी पिठात हात घालून बघितलं तर त्यांना अंडी सापडतील. यावर बाई इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला त्या क्षणी कळलं की माझी निवड झाली. माणसाला कळतं. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, आणि नंतरही कधी झाला नाही.

मी धावतच बाहेर आले. ताई बदामाच्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मोबाइल दोन्ही हातांत धरलेला, एखादं पाखरू धरावं तसा. त्यांनी कशी झाली परीक्षा असं विचारलं नाही. म्हणाल्या, "आधी पाणी पी."

"ताई, त्या हसल्या. सरपंचीण सांगितली ना, तेव्हा त्या..."

"पाणी पी, संगीता."

ताई मला संगी म्हणायच्या. मी पाणी प्यायले.

"विलासचा फोन आला होता."

"काय म्हणाला? ताप उतरला का?"

ताईंनी माझं मनगट धरलं. "माय गेली गं बाळा."

मी रडले नाही. का कोण जाणे, मी विचारलं, "फोन कधी आला?"

ताईंना खोटं सांगता आलं असतं. आत्ताच आला, म्हणता आलं असतं. त्यांनी सांगितलं, "अकरा चौदाला."

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजत होते.

रात्रीच्या गाडीनं ताई मला घेऊन गेल्या. सगळ्या वाटेत त्यांनी एकदाही माझा हात सोडला नाही आणि मी एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. सकाळी पोहोचलो तर अंगणात बाया बसल्या होत्या आणि बाकी काही नव्हतं. विलास ताईंसमोर उभा राहिला. ओरडला नाही तो. म्हणाला, "तुम्ही म्हणलात, परीक्षा चालू हाये, रातच्या गाडीनं आणते, थांबा. म्या लोकायला पाच वाजेस्तोवर धरलं. वैशाखाचं ऊन, ताई. कोण थांबतंय. दुपारची एसटी धरली असती तर मध्यरातीला आली असती, मंग म्या सगळ्यायला थांबवलं असतं." ताईंनी हात जोडले.

दोन दिवसांनी भाकरी करायला म्हणून मी पिठाच्या डब्यात हात घातला. खाली पाच अंडी होती. विलास म्हणाला, "तुझ्यासाठीच ठिवली होती. कुणी जाणार असलं की पाठवायची म्हणून."

त्यानंतर मी ताईंकडे गेले नाही. माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती. माय जाऊन काही तास झाले होते आणि मी तिच्यावरून लोकांना हसवत होते, आणि बाहेर झाडाखाली एका माणसाला ते माहीत होतं. निकाल लागला, दोन नावांत माझं नाव होतं. पासपोर्टची कागदपत्रं, गावचा दाखला, पोलिसांची तपासणी, या सगळ्याच्या मागे ताईच पळत होत्या, मला न भेटता, मावशीच्या हातून. एकदा त्या मोहन्याला आल्या. एका फॉर्मवर माझी सही हवी होती. मी आतल्या बाजूला पडद्यामागे बसून राहिले.

मावशी आत आली. "भांडायचं तर भायेर येऊन भांड. हे काय, आत कोंबडीवानी बसायचं."

मी हलले नाही.

"तुझ्या मायनं पण हेच केलं असतं. लेकराच्या परीक्षेत कोण सांगतं गं असलं? आपल्यात कुणीच सांगत न्हाई."

"असेल," मी म्हटलं. "पण ती माझी माय होती."

पडवीतून ताईंचा आवाज आला. एवढा स्पष्ट, की मागच्या ओळीतल्या पोरीलाही ऐकू यावा. "मी बरोबर केलं असं मी म्हणत नाही, संगी. पाच वेळा शिपायाला हाक मारायला उठले. पाचही वेळा बसले. एवढंच सांगायचं होतं." मग भांड्याखाली फॉर्म ठेवल्याचा आवाज आला आणि त्यांच्या चपला दूर गेल्या. मी सही केली. मी जपानला गेले. विमानतळावर ताई आल्या नव्हत्या, आणि मी बोलावलंही नव्हतं.

त्या वर्षभराचं काय लिहू? बर्फ बघितला, मोठ्या ग्रंथालयात बसले, आणि जेवताना दर घासाला ओइशी हा ताईंच्या घरचा पहिला शब्द आठवला. परत आले, पुढची पदवी केली, दुभाष्याची कामं केली. ताईंना पत्र लिहायचे, भेटायलाही जायचे. सगळं नीट झालं असं बाहेरून दिसेल. दिवाळीला फराळ न्यायचे, त्या चहा करायच्या, आम्ही शब्दांबद्दल बोलायचो. पण त्या दिवसाबद्दल नाही. आणि एक गोष्ट त्यांनी कधीच विचारली नाही. दोन महिने ज्यांनी माझ्याकडून मायची गोष्ट म्हणून घेतली, त्यांनी मी आत काय बोलले, कसं बोलले, हे कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला माहीत होतं की त्यांना ऐकायचं आहे. ते न सांगणं हीच मी त्यांना दिलेली शिक्षा होती. आज लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं.

गेल्या हिवाळ्यात इथे आश्रमात असं झालं. मनीषा नावाची नेपाळची मुलगी आहे, हुशार, माझ्याकडेच शिकलेली. कामावर असताना मुलींचे मोबाइल आमच्या खोलीत ठेवतात. तिचा मोबाइल वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मी उचलला. पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणायच्या आधी श्वास घेतला, आणि मला कळलं. तिचा भाऊ होता. तिचे वडील गेले होते. काचेतून मला मनीषा दिसत होती. नव्वदीच्या एका आजींना ती चमच्यानं पेज भरवत होती. त्या आजी फक्त तिच्याच हातून खातात, दोन दिवस काही खाल्लं नव्हतं, आणि त्या दिवशी तोंड उघडत होत्या. मी तिच्या भावाला म्हटलं, थोडं थांबा. मोबाइल पोटाशी धरून मी तिथे उभी राहिले. एकदा दाराशी गेले, परत आले. वाटी संपायला दहा मिनिटं लागली. दहाच. ताई त्या झाडाखाली पाच तास बसल्या होत्या.

मनीषाला सांगितलं तेव्हा तिनं मला विचारलं, "मॅम, फोन किती वाजता आला?" मी खरी वेळ सांगितली. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही.

ताई आता विठ्ठलवाडीतच आहेत. त्यांची भाची जवळ राहते, एक बाई दिवसभर असते. त्यांचं विसरणं सुरू होऊन तीनेक वर्षं झाली. असं विसरणाऱ्या माणसांशी कसं बोलायचं, हे मी रोज पोरींना शिकवते. खाली बसा, डोळ्यांत बघा, चूक दाखवू नका, हात हातात घ्या. परक्यांच्या आया-आज्यांसाठी मी हे सगळं करते, आणि ताईंसाठी माझ्याकडे रविवारचा एक फोन आहे. ती बाई मोबाइल त्यांच्या कानाला लावते. मी म्हणते, "ताई, मी संगी." त्या एकदम ताठ बसत असाव्यात, कारण आवाज तोच जुना येतो. "होल्ड करा हं. जोडून देते." आणि मोबाइल उशीवर ठेवून देतात. मग मी ऐकत राहते. पंखा, कुकरची शिट्टी, बाहेर भंगारवाल्याची हाक. फोडणी पडल्याचा आवाज. पंधरा मिनिटं, कधी वीस. मी बंद करत नाही.

माझा इथला करार पुढच्या वर्षी संपतो. पुन्हा करायचा नाही असं मी कळवलं आहे, आणि कळवल्यापासून नेहमीसारखी झोप उडाली आहे, की पुढे काय खायचं. पण ठरलं आहे. ताई, तुम्हाला हे कळेल की नाही, मला माहीत नाही, तरी हे माझं वचन समजा. मी येईन. मावशीच्या हाताखाली शिकले तशी भाकरी करीन, आमटीत मीठ बेतानं घालीन. आणि तुमच्यासमोर खाली बसून, हात हातात घेऊन, त्या दिवशी त्या खोलीत मी जे बोलले ते सगळं तुम्हाला म्हणून दाखवीन, पहिल्या शब्दापासून, पिठातल्या अंड्यांपर्यंत. तुम्ही सरपंचिणीची आठवण करून दिली नाहीत तरी चालेल. ते मी विसरणार नाही.